पोट दुखतंय, पण गहू लगेच बंद करू नका

शाळेची रिक्षा दारात आली की पोरगं पोट धरून बसतं. एखाद्या दिवशी तीनदा संडासला पळतं, मग चार दिवस होतच नाही. घरात कुणी म्हणतं नाटकं, कुणी म्हणतं जंत. शेवटी डॉक्टरांच्या कागदावर ‘आयबीएस’ येतं, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम. आतडं दिसायला धडधाकट, पण त्याची चाल बिघडलेली. दुखणं मात्र अगदी खरं.

अशा मुलांमध्ये काही थोड्यांचं मूळ वेगळंच असतं: सीलिएक, म्हणजे गव्हासारख्या धान्यांमुळे आतडं बिघडवणारा आजार. इटलीतल्या बारी शहरात २००६ ते २०१२ या काळात पोटदुखीच्या ७८२ मुलांचं रक्त तपासलं गेलं. आयबीएस असलेल्या २७० मुलांत १२ जणांना सीलिएक निघाला. नुसतंच पोट दुखणाऱ्या ३११ मुलांत एकाला. शंभरातल्या पंच्याण्णव आयबीएसवाल्यांना तो नव्हता, हेही घाबरलेल्या आईबापांनी ध्यानात घ्यावं.

सीलिएक ही साधी अ‍ॅलर्जी नव्हे. गहू आणि जवातलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतल्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नरस तिथेच शोषला जातो. ते झिजून सपाट होतात. मग लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, उंची खुंटते.

‘टीटीजी’ नावाची रक्ततपासणी ही पहिली पायरी. ती पोळी खाणं चालू असतानाच करावी. गहू सोडला की ही तपासणी शोधते ती रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) उतरतात, आतडंही भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येतो. गहू सोडून बरं वाटलं, एवढ्यावरून निदान होत नाही. गव्हातल्या फ्रुक्टान या शर्करेनेही आयबीएसच्या पोटात गॅस धरतो.

निदान झालंच तर गहू आयुष्यभर बंद, मिसळीसोबतचा पावही. पण नाशिककरांना पर्याय परके नाहीत: पेठ-सुरगाण्याची नागली म्हणजे नाचणी, सिन्नर-येवल्याकडची बाजरी, ज्वारी, तांदूळ. खरी अडचण बारीकसारीक ठिकाणी येते. बाजारच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झालेला असला, तर आपल्या नागलीच्या डब्यात तोही येतो. म्हणून अशा घरात घरघंटी असली तर बरं, आणि तिच्यात गहू कधीच घालायचा नाही.