अन्यायी सरकार, ख्रिस्ती माणूस आणि रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय

राज्यात धर्मांतराविषयीच्या कायद्याची चर्चा सुरू झाल्यापासून पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, एक जुना प्रश्न पुन्हा विचारला जातो आहे. सरकार अन्यायाने वागू लागले तर ख्रिस्ती माणसाने काय करायचे? उत्तर बहुधा ठरलेले असते. कोणीतरी वडीलधारे बायबलच्या नव्या करारातल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढतात, ‘प्रत्येक जणाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे’ हे पहिले वचन वाचतात आणि विषय मिटतो. माझ्या मते तो तिथे मिटत नाही. मंडळीच्या इतिहासात तो तिथे कधी मिटलेलाही नाही. सत्तेपुढे गप्प बसणे हीच ख्रिस्ती वागणूक, अशी जी समजूत आपल्याकडे रुजली, तिचा माग काढत गेलो तर आपण पौलापेक्षा परदेशी मिशनऱ्यांनी वसवलेल्या मिशनच्या कंपाउंडात जास्त वेळा येऊन पोचतो.

पौलाने हे पत्र इ.स. ५७ च्या सुमारास करिंथहून लिहिले. रोमचा बादशहा नीरो गादीवर येऊन तीनेक वर्षे झाली होती. रोममधली आग आणि त्यानंतरचा ख्रिस्ती लोकांचा छळ अजून पुढे होता. त्याच्या आधीचा बादशहा क्लौद्य याने यहुद्यांना रोममधून हाकलले होते, त्यातले बरेच जण नुकते परतत होते. शहरात कर वसूल करणाऱ्यांवर लोकांचा राग होता. अशा वेळी त्या छोट्या मंडळीने उठाव करून स्वतःचा नाश ओढवून घेऊ नये ही पौलाची काळजी होती, आणि म्हणूनच हा उतारा शेवटी कर भरण्यावर येतो. याच उताऱ्यातल्या चौथ्या वचनात मात्र अधिकारी कशासाठी नेमला आहे तेही लिहिले आहे: तो ‘तुझ्या हितासाठी देवाचा सेवक’ आहे. सेवकाचे काम ठरलेले असते, म्हणजे त्याची मर्यादाही ठरलेली असते. पहिले वचन पाठ असणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना चौथे पाठ आहे?

पौल स्वतः कसा वागला तेही पाहावे. फिलिप्पैच्या अधिकाऱ्यांनी चौकशी न करताच त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चारचौघांत फटके मारून तुरुंगात टाकले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपायांबरोबर निरोप पाठवला की यांना सोडा. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमन नागरिक असून आम्हांला उघडपणे मारले, आणि आता गुपचूप घालवून देता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. ते घाबरून आले आणि त्यांनी विनवणी केली. पुढे कैसरियात त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, न्याय मागितला. अधीन असण्याचा धडा देणाऱ्या माणसाला आपले हक्क पुरते ठाऊक होते आणि ते मागताना तो कचरत नव्हता. परंपरा सांगते की त्याच नीरोच्या काळात रोममध्ये त्याला ठार मारण्यात आले.

बायबलमधली दुसरी बाजू सर्वांच्या ओळखीची आहे. इब्री मुलगे मारण्याचा फारोचा हुकूम शिप्रा आणि पुवा या सुइणींनी मानला नाही. दानीएलाने बंदीचा हुकूम निघाल्यावरही प्रार्थना थांबवली नाही. येशूचा शिष्य पेत्र यहुद्यांच्या वरिष्ठ सभेपुढे म्हणाला, ‘आम्ही माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.’ प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात तर राज्यसत्ता समुद्रातून वर येणारे श्वापद होऊन समोर उभी राहते. रोमकरांसचा तेरावा वाचणाऱ्याने हाही तेरावा वाचला पाहिजे.

पहिली तीन शतके मंडळीने दोन्ही धरून ठेवले. ख्रिस्ती लोक कर भरत, बादशहासाठी प्रार्थना करत, पण त्याच्या मूर्तीपुढे धूप जाळायला नकार देत. इ.स. २५० च्या सुमारास देक्य बादशहाने सर्वांनी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. ते दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत: नाव, गाव, मी अधिकाऱ्यांसमोर बळी दिला, खाली सही. अनेक ख्रिस्ती लोकांनी तो कागद मिळवला, काहींनी पैसे चारून मिळवला. काहींनी नाकारला आणि ते मेले. ३१३ मध्ये छळ थांबला, पुढे सत्ताच ख्रिस्ती झाली आणि प्रश्न उलटा झाला. ३९० मध्ये थेस्सलनीकात हजारो लोकांची कत्तल करवणाऱ्या थिओडोसियस बादशहाला मिलानचा बिशप अँब्रोज याने उघड पश्चात्ताप केल्याखेरीज प्रभुभोजन द्यायचे नाकारले.

मार्टिन लूथरचा दाखला आपल्याकडे अर्धाच दिला जातो. १५२३ मध्ये काही जर्मन राजांनी त्याने जर्मनमध्ये आणलेला नवा करार जप्त करायला सुरुवात केली. लूथरने लोकांना लिहिले की एक पानही आपणहून नेऊन देऊ नका. घरात घुसून नेले तर मात्र हात उगारू नका, सोसा. हुकूम मोडायचा आणि त्याची शिक्षा उघड्यावर भोगायची, ही वाट त्याने तिथे स्पष्ट आखून दिली. दोनच वर्षांनी शेतकरी उठले तेव्हा त्याच लूथरने त्यांना चिरडायला राजांना चिथावले. जर्मनीतल्या लूथरन मंडळ्यांनी पुढची चार शतके त्या पहिल्या पत्रापेक्षा हे दुसरे अधिक लक्षात ठेवले, आणि हिटलर आला तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडी तेरावा अध्यायच होता. नाझींपुढे न झुकणाऱ्या मंडळ्यांच्या १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्याने आणि १९४५ मध्ये फाशी गेलेल्या डीट्रिख बोनहॉफर या पाळकाने त्या वाचनाला नकार दिला. तोवर फार उशीर झाला होता.

आता महाराष्ट्राकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले, १८३१ मध्ये अहमदनगरला गेले. बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घर सुटे, वडिलोपार्जित वाटा जाई, विहीर बंद होई. घर, शाळा, नोकरी आणि लग्नाचे स्थळसुद्धा मिशनकडूनच मिळे. मिशनची जमीन, शाळांची ग्रांट आणि मिशनऱ्यांचे राहणे सरकारच्या मर्जीवर होते. पहिल्या महायुद्धानंतर तर परदेशी मिशन संस्थांकडून सरकार लेखी हमी घेई की आमची माणसे कायदेशीर सरकारचा मान राखतील आणि राजकारणापासून दूर राहतील. ही हमी परदेशी मिशनऱ्याने दिली होती, पण व्यासपीठावरून ती मराठी मंडळीच्याही अंगवळणी पडली. तेराव्या अध्यायाचे आपले ठरीव वाचन मला तरी इथे घडलेले दिसते.

यात एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. महार-मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना इंग्रज सरकार ‘अन्यायी’ वाटत नव्हते, कारण त्यांनी त्याहून जवळचा आणि जुना अन्याय भोगला होता. पेशवाईतल्या पुण्यात त्यांची सावली कुठे पडते यावर पहारा होता. शाळेचे दार आणि कोर्टाची पायरी त्यांना पहिल्यांदा या राजवटीत दिसली. त्यांच्या राजनिष्ठेला लाचारी म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्या जागी उभे राहून पाहावे.

तरीही याच पुण्यात दुसरी वाट चालणारी माणसे होती. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या कमिटीचे सोल्जर घरांत घुसून झडत्या घेत होते. देव्हाऱ्यापासून माजघरापर्यंत काही सुटत नव्हते. पंडिता रमाबाई तेव्हा विधवांसाठी काढलेले शारदा सदन चालवत होत्या. त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात लिहून प्लेगच्या रुग्णालयात बायकांची कशी आबाळ होते ते उघड केले. सरकारने त्यांचे म्हणणे खोडून काढले, पण ते पत्र इंग्लंडपर्यंत गाजले. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्या शहराने त्यांना वाळीत टाकल्यासारखे केले होते, त्याच शहरातल्या बायकांसाठी त्या ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारच्या विरोधात उभ्या राहिल्या. त्याआधी इंग्लंडमध्ये असताना आपल्या धर्ममार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांनाही त्यांनी बजावले होते की एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून काढले ते दुसरे घालून घेण्यासाठी नव्हे. मराठी ख्रिस्ती परंपरेत सत्तेला प्रश्न विचारणे बाहेरून आले असे म्हणणाऱ्यांनी रमाबाईंना कुठे ठेवायचे ते सांगावे.

काका बॅप्टिस्टा मुंबईच्या ईस्ट इंडियन या ख्रिस्ती समाजातले कॅथलिक, पण पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि लोकमान्यांचे जवळचे सहकारी. १९१६ मध्ये टिळकांची होमरूल लीग निघाली तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. स्वराज्य मागणे आणि मिस्साला जाणे यांत त्यांना विरोध दिसला नाही.

सगळ्यात रोखठोक प्रसंग शिवाजीनगरातल्या ख्रिस्त सेवा संघाचा. जॅक विन्स्लो या इंग्रज पाळकाने १९२२ मध्ये हा संघ काढला आणि नंतर तो पुण्यात आणला. तिथले बंधू खादी नेसत, जमिनीवर बसून जेवत, इंग्रज आणि मराठी एकत्र राहत. १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून आलेला तरुण इंग्रज पाळक वेरियर एल्विन इथेच राहिला. साबरमतीला गांधींना भेटून आल्यावर तो बदलला, आणि १९३० च्या सत्याग्रहात त्याने जाहीरपणे लिहिले की ही चळवळ ख्रिस्ताच्या शिकवणीशी जुळते. १९३२ च्या जानेवारीत मणिभवनात गांधींना अटक झाली त्या पहाटे तो तिथेच होता. गांधींना तिथून येरवड्याला आणले. शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सोबत्याबरोबर एल्विन मग गोंडांमध्ये राहायला गेला, तेव्हा नागपूरच्या बिशपने त्याच्याकडे राजनिष्ठेची शपथ मागितली. त्याने ती दिली नाही आणि बिशपने त्याला पाळकाचे काम करण्याचा परवाना दिला नाही. मध्यंतरी तो इंग्लंडला गेला, तेव्हा परत येण्यासाठी मात्र राजकारणात भाग घेणार नाही असे त्याला सरकारला लिहून द्यावे लागले. ते त्याने दिले, कारण गोंडांमधले काम त्याला सोडायचे नव्हते. यासाठी त्याला दोष द्यावासा मला वाटत नाही. कुठे अडून बसायचे आणि कुठे वाकायचे हे प्रत्येकाने देवासमोर ठरवायचे असते, आणि नेमके ते ठरवण्याची मोकळीकच आपले ठरीव उत्तर काढून घेते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न संपला असे वाटले होते. १९७५ मध्ये आणीबाणी आली, येरवडा राजकीय कैद्यांनी भरले. केरळातल्या मार थोमा मंडळीचे मेट्रोपॉलिटन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, जुहानोन यांनी इंदिरा गांधींना निषेधाचे पत्र लिहिले, ख्रिस्ती विचारवंत एम. एम. थॉमस आणीबाणीविरुद्ध लिहीत राहिले. बहुतेक मंडळ्यांचे पुढारी गप्प राहिले. पुढे पुण्यात विश्रामबाग पोलीस ठाण्यात नोंदलेल्या भीमा कोरेगाव प्रकरणात जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले होते. वय ८३, हात थरथरणारे. खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, कोठडीत असतानाच त्यांचे रुग्णालयात निधन झाले. त्या आठवड्यात किती मराठी मंडळ्यांत त्यांचे नाव घेऊन प्रार्थना झाली, हे ज्याने त्याने आपापल्या मंडळीत आठवावे.

पौलाच्या काळात ‘वरिष्ठ अधिकारी’ म्हणजे बादशहा आणि त्याची माणसे. आज आपल्याकडे सर्वांत वरिष्ठ आहे ते संविधान. मंत्री, पोलीस आणि जिल्हाधिकारी त्याच्या खाली येतात. एखाद्या सरकारी हुकुमाविरुद्ध कोर्टात जाणे म्हणजे अधिकाराला झुगारणे नव्हे. कैसराकडे न्याय मागणाऱ्या पौलाने केले तेच ते. दलित ख्रिस्ती लोक हे कित्येक वर्षे करत आले आहेत. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढावी असे सांगितले, तरी ती निघाली नाही. अर्ज, मोर्चे, सर्वोच्च न्यायालयातल्या याचिका आणि दर १० ऑगस्टला पाळला जाणारा काळा दिवस, या मार्गाने ही मागणी चालू आहे. ती करणाऱ्यांपैकी अनेक जण त्याच घरांतले आहेत, ज्यांच्या पणजोबांनी मिशनच्या कंपाउंडात तेरावा अध्याय पाठ केला होता.