वाद्यभागांचे दागिने

निकामी झालेल्या वाद्यांच्या तारा, खुंट्या, पडदे, मणी व पेटीचे सूर (रीड) वापरून घडवलेले दागिने. कडे, लोलक, कानांतले व अंगठी हे नेहमीचे प्रकार. वाद्याच्या आकाराची नुसती नक्कल असलेली पदके येथे धरलेली नाहीत.

उगमाबाबत मतभेद आहेत. एक मत या कलेचे मूळ विसाव्या शतकातील पाश्चात्त्य स्टुडिओ-दागिन्यांत (कलावंताने स्वतःच्या कार्यशाळेत घडवलेल्या दागिन्यांत) शोधते. रॅमोना सोल्बर्ग व रॉबर्ट एबेनडॉर्फ या अमेरिकी कलावंतांनी टाकाऊ, सापडलेल्या वस्तू दागिन्यांत आणल्या. आर्मां (१९२८–२००५) हा फ्रेंच शिल्पकार १९६० नंतरच्या दशकात वाद्ये फोडून व चिरून कलाकृती रचत होता. दुसरे मत घुंगरांकडे बोट दाखवते. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात (सु.) देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या संगीतरत्नाकर या ग्रंथात क्षुद्रघंटिकेची (घुंगरांची) गणना घनवाद्यांत (आघाताने वाजणाऱ्या ठोस वाद्यांत) आहे, तेव्हा वाद्य अंगावर वागवण्याची रीत आपल्याकडे जुनीच ठरते. हे मत आकर्षक असले, तरी घुंगरू मुळातच अंगावर बांधण्यासाठी ओततात. मोडीतल्या वस्तूचा पुनर्वापर ही अट तेथे पुरी होत नाही. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. तारेचे कडे मात्र शिल्पकारांकडून न येता, तुटलेली तार सहज मनगटाला गुंडाळणाऱ्या वादकांकडून आले असावे.

कारागिरीचे स्वरूप धातूवर ठरते. गिटारच्या जाड तारेत पोलादी गाभा असून त्यावर दुसऱ्या धातूचे वेढे असतात. बाजारात ‘८०/२०’ ब्राँझ म्हणून मिळणाऱ्या तारेचे वेढे ८० टक्के तांबे व २० टक्के जस्ताचे, म्हणजे खरे तर पितळेचे असतात. १९७४ पासून प्रचारात आलेल्या फॉस्फर-ब्राँझ तारेत तांब्याबरोबर सु. ८ टक्के कथील व किंचित फॉस्फरस असतो. तापवल्यास गाभ्याचा ताठरपणा जातो आणि कडे आकार धरत नाही. म्हणून डाख न देता टोके पकडीने पिळून फास करतात व उरलेले टोक कानशीने बोथट करतात. ते राहून गेले तर ओढणीचा धागा हमखास अडकतो. वेढ्यांच्या फटींत वादकाच्या बोटांचा घाम व मळ साचलेला असतो. पितांबरी पावडर चोळली, तर वरचा भाग लखलखतो, पण पावडर फटींत पांढरी बसून राहते. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासणे बरे.

झांजेचे कांसे याहून हट्टी. त्यात कथील २० टक्क्यांच्या आसपास असल्याने थंड स्थितीत हातोडी मारली की ते तडकते. लाल तापवून पाण्यात बुडवल्यास ते वळण घेते. पोलाद असे बुडवले तर कडक होते, कांशाचे उलट. सतार-तानपुऱ्याच्या मण्यांना फारसे काही करावे लागत नाही. सूर बारीक लावण्यासाठी तारेत ओवलेला हा मणी आधीच भोक पाडलेला असतो, कडी घातली की कानांतले तयार. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांना बहुधा निकेलचा मुलामा असतो. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी त्या कानात घालू नयेत.

जुन्या पियानोच्या पट्ट्या व सतारीच्या घोड्या (तारा ज्यांवर टेकतात ते आधार) पुष्कळदा हस्तिदंती असतात. घोडीला सांबरशिंगही वापरत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी अनुक्रमे देशी व आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. वस्तू आजोबांच्या काळची आहे म्हणून तिचे लोलक करून विकता येत नाहीत. उंटाच्या हाडाची घोडी चालते, पण हाड व हस्तिदंत यांतला फरक नुसत्या डोळ्यांना सहज कळत नाही.

ठाणे व नवी मुंबईत हा उद्योग घरगुती पातळीवरचा आहे. गायक पं. राम मराठे यांच्या ठाण्यात पेटी-तबल्याची परंपरा जुनी असून गिटारचे वर्ग अलीकडचे. तुटक्या तारा मुख्यतः या वर्गांतून व वाद्यदुरुस्तीच्या दुकानांतून मिळतात. हस्तकलेच्या विक्रीसाठी सिडकोचे बेलापूर येथील अर्बन हाट हे परिसरातील कायमचे ठिकाण होय.