दडा सुटला, म्हणजे कान बरा झाला?

विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीजवळ दोन-तीन तास काढले किंवा हाताच्या अंतरावर सुतळी बॉम्ब फुटला, की कानांना दडा बसतो. माणसं बोलतात ते दबकं ऐकू येतं आणि आत बारीक कुंऽऽ असा आवाज चालू राहतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘झोप आता, सकाळी सुटेल.’ बहुतेकदा सुटतोही. म्हणूनच या दुखापतीकडे कुणी गांभीर्याने पाहत नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी असते, तिला कोक्लिया म्हणतात. तिच्यात सुमारे १५ हजार केसपेशी ओळीने बसलेल्या असतात. त्यांतल्या १२ हजारांच्या आसपास पेशी आलेला आवाज वाढवतात आणि उरलेल्या साडेतीन हजार तो मेंदूकडे पोचवतात. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर ताठ केसांचा झुबका असतो आणि शेजारशेजारच्या केसांची टोकं प्रथिनांच्या अतिसूक्ष्म धाग्यांनी जोडलेली असतात. ध्वनीच्या लाटेने केस कलले की धागा ताणला जातो, पेशीचं दार उघडतं आणि विजेचा संदेश तयार होतो.

आवाज फार मोठा झाला की हे धागे तुटतात, केस ढिले पडतात. शिवाय केसपेशी ग्लुटामेट नावाचं रसायन इतकं सोडते की पलीकडची मज्जातंतूंची टोकं सुजतात. यातलं बरंचसं शरीर स्वतःच दुरुस्त करतं. धागे एक-दोन दिवसांत पुन्हा जुळतात, सूज काही दिवसांत उतरते. दडा सुटतो तो असा. मेलेली केसपेशी मात्र परत येत नाही. तीन-चार आठवड्यांनंतरही जी कमतरता उरते, ती सहसा कायमचीच असते.

फटाक्याचा धोका वेगळा आहे. सततच्या मोठ्या आवाजात मधल्या कानातला एक छोटा स्नायू आखडून थोडा बचाव करतो, पण त्याला आखडायलाही सेकंदाचा काही अंश लागतो. तोवर स्फोट होऊन गेलेला असतो. आपल्याकडे फटाक्यासाठी १२५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती मोजायची ४ मीटरवरून. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे नियमात बसणारा फटाकाही १ मीटरवर १३७ डेसिबलच्या घरात जातो, आणि पोरं तर त्याहून जवळ उभी असतात.

‘सुटला दडा, झालं’ या समजुतीला खरा धक्का दिला तो २००९ साली अमेरिकेत बोस्टनमध्ये. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. दोनेक आठवड्यांत त्यांची ऐकण्याची क्षमता चाचणीत पूर्ववत दिसली आणि केसपेशीही जागच्या जागी होत्या. पण केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे सांधे मोजले, तेव्हा उंच स्वरांच्या भागातले जवळपास निम्मे नाहीसे झाले होते. पुढच्या काळात त्या मज्जातंतूंच्या पेशीही हळूहळू मरत गेल्या.

मग चाचणीत हे का दिसलं नाही? नेहमीच्या श्रवणचाचणीत शांत खोलीत किती मंद स्वर ऐकू येतो एवढंच पाहतात, आणि त्यासाठी थोडे तंतूही पुरतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आधी गळाले ते गोंगाटातही मोठे आवाज टिपणारे तंतू. लग्नाच्या हॉलमध्ये शेजाऱ्याचं बोलणं वेगळं काढताना ज्यांची गरज पडते, तेच हे. माणसांत हे सांधे गळणं आणि गोंगाटात बोलणं न कळणं यांचा संबंध किती, यावर संशोधकांत अजून वाद चालू आहे. तरी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

पक्ष्यांचं नशीब चांगलं. कोंबडीच्या पिल्लांत आणि लाव्यांत नष्ट झालेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात, हे १९८८ मध्ये सिद्ध झालं. सस्तन प्राण्यांच्या कोक्लियाकडे ही शक्ती नाही. ती जागवू पाहणाऱ्या एफएक्स-३२२ या औषधाची मोठी आशा होती, पण २०२३ मध्ये त्याची चाचणी अपयशी ठरली.

म्हणून हाताशी आहेत ते पहिले दिवस. स्फोटानंतर दडा किंवा कुंऽऽ दुसऱ्या दिवशीही टिकला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावं. ते पडदा पाहतात, श्रवणचाचणी करतात आणि गरज वाटल्यास स्टिरॉइड देतात. त्याने बरं वाटेलच अशी हमी नाही, पण द्यायचं तर ते लवकर सुरू व्हावं लागतं. कानात तेल अजिबात घालू नये, पडदा फाटला असेल तर पाणीही जाऊ देऊ नये. काही दिवस हेडफोन बाजूला ठेवावेत.

ढोल-ताशा पथकांतल्या मुलामुलींबद्दल मला विशेष वाटतं, कारण त्यांचा सराव गणपतीच्या आधी कित्येक आठवडे चालतो आणि कानांना सावरायला वेळच मिळत नाही. रोज ८५ डेसिबल आठ तास चालतात असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. कापसाच्या बोळ्याने फारसं काही अडत नाही. फोमचं बूच नीट पिळून, आतवर बसवलं तर वीसेक डेसिबल कमी होतात. सराव सुरू होण्याआधी प्रत्येकाची एक श्रवणचाचणी करून ठेवावी आणि मिरवणुकीनंतर महिन्याभराने पुन्हा करावी. दोन्ही आलेख शेजारी ठेवून ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात खड्डा पडलाय का ते पाहावं. आवाजाचा मार सहसा तिथेच आधी दिसतो.