चेर्नोबिल वेगळं, फुकुशिमा वेगळं

तारापूरच्या अणुवीज केंद्राचा विषय निघाला की मुंबईत कुणीतरी हमखास म्हणतं, "चेर्नोबिल-फुकुशिमा झालं तर?" जणू एकच गाव. अणुअपघातांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर दोन्ही अपघात सातव्या, म्हणजे सर्वात वरच्या पायरीवर आहेत, हे खरं. पण बिघडलं ते वेगवेगळं.

सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलला 26 एप्रिल 1986 च्या मध्यरात्रीनंतर चौथ्या अणुभट्टीवर चाचणी चालू होती. कमी शक्तीवर पाण्याची वाफ वाढली की ही भट्टी मंदावण्याऐवजी भडकायची. थांबवायला आत सोडलेल्या दांड्यांच्या टोकाच्या ग्राफाइटनेही सुरुवातीला उलट जोर दिला. ही खोड वरच्यांना ठाऊक होती. चालवणाऱ्यांना कुणी धड सांगितलीच नव्हती. शेजारचं प्रिप्यात शहर रिकामं केलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तेव्हापासून यंत्राबरोबरच ते चालवणाऱ्या संस्थेत वाईट बातमी वर पोचते का, हेही तपासायला लागलं.

जपानच्या फुकुशिमात 11 मार्च 2011 ला भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या. इथवर सगळं शिस्तीत. पण बंद भट्टीही तापत राहते, तिला पाणी फिरवत ठेवावं लागतं आणि त्याला वीज लागते. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले, आणि तासाभराच्या आत त्सुनामी आली. हिशोब 5.7 मीटरचा धरला होता, पाणी चढलं 14 मीटरच्या आसपास. बहुतेक जनरेटर तळघरात! 26 जुलै 2005 ला ज्यांच्या सोसायटीची मीटररूम बुडाली, त्यांना पुढचं सांगायला नको. तीन भट्ट्यांचे गाभे वितळले.

'निसर्गापुढे कोण काय करणार' हे मला पटत नाही. जपानमधलंच ओनागावाचं अणुवीज केंद्र भूकंपाच्या केंद्राला जास्त जवळ होतं. उंचावर बांधलेलं, म्हणून तगलं. जपानी संसदेच्या चौकशी समितीनेही 2012 मध्ये फुकुशिमाचा अपघात मानवनिर्मित ठरवला.

माणसांच्या बाबतीतही फरक आहे. चेर्नोबिलमध्ये लपवाछपवी नडली: किरणोत्सारी आयोडीन दुधातून मुलांच्या पोटात गेलं, थायरॉइडचे कॅन्सर वाढले. फुकुशिमात घाईघाईच्या स्थलांतरातच इस्पितळांतले रुग्ण आणि म्हातारी माणसं दगावली. हलवणं हाही धोकाच, तोही मोजावा लागतो, हे तिथे कळलं.

तारापूरच्या 1969 पासूनच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमाच्याच जातकुळीतल्या, उकळत्या पाण्याच्या. तेव्हा 'चेर्नोबिल होईल का' यापेक्षा जनरेटर किती उंचीवर आहेत हे विचारावं. आणि तारापूरजवळच्या बोईसरमधल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोण, कशातून, कुठे नेणार, हेही.