गोंदण ते टॅटू : ‘मला काय शोभेल?’ हा प्रश्न आला कुठून

आजीच्या हातावरचं गोंदण तिने निवडलेलं नसायचं. काय गोंदायचं, कुठे आणि किती, हे घराण्याच्या रीतीने आणि गोंदणारणीच्या हाताने ठरलेलं असे. कपाळावर टिकली किंवा चंद्रकोर, हनुवटीवर एक ठिपका, मनगटाच्या वर तुळस, विंचू, मोर, सूर्य-चंद्र नाहीतर टिंबांची ओळ. फार तर नवऱ्याचं किंवा देवाचं नाव. दागिने मेल्यावर इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, ही समजूत मध्य भारतातल्या गोंड-बैगा आदिवासींपासून देशावरच्या गावांपर्यंत सगळीकडे सापडते. बैगा मुलींच्या कपाळावरची खूण तर लहानपणीच गोंदली जाई, म्हणजे आवडनिवड कळायच्याही आधी.

कृती साधी होती. दिव्याची काजळी धरायची आणि ती पाण्यात, तेलात किंवा एखाद्या पाल्याच्या रसात कालवायची. बैगा आणि गोंड भागात रामतीळ, म्हणजे आपला कारळा, जाळून काजळी करतात. दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, काडीने नक्षी रेखून तिच्यावर टोचत जायचं आणि शेवटी हळद-तेल लावायचं. दुखण्यावरून लक्ष उडावं म्हणून गाणी म्हटली जात. हाताने टोचताना खोली प्रत्येक टोच्याला थोडी बदलते, त्यामुळे बारीक कलाकुसर जमतच नाही. नक्षी आपोआप ठिपके, जाड रेघा आणि मधली मोकळी जागा यांच्यावरच बेतली गेली. ही गोंदणं साठ-सत्तर वर्षांनीही ओळखू येतात ती याच मर्यादेमुळे. रेघ पसरते, पण शेजारची रेघ लांब असल्याने नक्षी बुजत नाही. काळी काजळी कालांतराने हिरवट-निळी दिसते, तेव्हा रंग बदललेला नसतो. त्वचेच्या आतल्या थरातल्या काळ्या कणांवरून प्रकाश विखुरत बाहेर येतो, म्हणून ती तशी भासते.

काजळीची ही युक्ती फक्त आपली नव्हे. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झी नावाच्या माणसाच्या अंगावर ६१ खुणा मोजल्या गेल्या. त्या सगळ्या कार्बनच्या, रेघा आणि फुल्यांच्या स्वरूपातल्या. ‘टॅटू’ हा शब्द प्रशांत महासागरातल्या ताहिती-सामोआ बेटांकडच्या ‘तातौ’वरून, अठराव्या शतकात इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या सफरींबरोबर युरोपात गेला आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला. गोंदणाला एक काळी बाजूही आहे. १७९७ पासून बंगालमध्ये कंपनी सरकार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवत असे. ही शिक्षा १८४९ मध्ये बंद झाली.

निवडीचा प्रश्न आणला तो यंत्राने. एडिसनने १८७६ मध्ये कागदाच्या प्रती काढण्यासाठी विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं. त्या पेनातली सुई सेकंदाला सुमारे ५० भोकं पाडत असे. त्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली याने १८९१ मध्ये टॅटूच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. सुईची खोली आणि वेग हाताशी आल्यावर केसाएवढी रेघ, छटा, माणसाचा चेहरा, सगळंच शक्य झालं. आपल्या जत्रांमध्येही बॅटरीवरचं यंत्र आलं आणि सुयांचा जुडगा मागे पडला. गोंदणारणीची ठरलेली नक्षी गेली, तिच्या जागी हजार चित्रांचा अल्बम आला. कातडी मात्र तीच राहिली, आणि निवड बिघडते ती नेमकी हे विसरल्याने.

शाई टिकण्यासाठी ती वरच्या थराखाली, साधारण १ ते २ मिलिमीटरवर बसावी लागते. वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो, त्यामुळे त्यात राहिलेली शाई निघून जाते. सुई फार खोल गेली तर शाई चरबीच्या थरात पसरते आणि रेघेभोवती निळसर धूर दिसतो. मनगटाची आतली बाजू, घोटा, कोपराची खळगी इथे कातडी पातळ, म्हणून हा दोष जास्त. आतल्या थरात शाईचे कण गिळून बसतात त्या शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी. २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की सुटलेले कण दुसरी पेशी उचलते. टॅटू टिकतो तो या हस्तांतरामुळे, आणि वर्षानुवर्षं रेघ थोडी थोडी जाड होण्यामागे कणांची हीच हालचाल असावी.

इथे देवनागरीचा मुद्दा येतो. रोमन अक्षरांसाठी बनवलेले आकार आपल्या लिपीला पुरत नाहीत. ‘क्ष’, ‘श्र’, ‘द्ध’ यांच्या आतल्या पोकळ्या बारीक, वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार. अक्षराचं अंग साधारण ७-८ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवलं की काही वर्षांत ‘द्ध’ नुसता डाग होतो. शिवमुद्रेचंच घ्या. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’पासून ‘राजते’पर्यंत अनुष्टुभाच्या चार चरणांत ३२ अक्षरं, तीही जोडाक्षरांनी भरलेली. चार ओळी धरल्या तर एका ओळीत आठ अक्षरं, म्हणजे रुंदी सहा सेंटीमीटर. वेलांट्या-उकारांसह प्रत्येक ओळीला सव्वा सेंटीमीटर उंची. अष्टकोनाचे कोपरे छाटले जातात ते धरून आठ सेंटीमीटरच्या आत मुद्रा बसत नाही. मनगटावर चार सेंटीमीटरची मागणारे बरेच असतात. त्यांनी चंद्रकोर घ्यावी, शोभते आणि टिकतेही. मजकूर दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्यावा, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुई लागल्यावर दुरुस्त होत नाही.

रंगाचंही तसंच. त्वचेचा स्वतःचा रंग वरच्या थरात असतो आणि शाई त्याखाली, म्हणजे रंगीत काचेतून चित्र पाहावं तसं. सावळ्या अंगावर पांढरा, पिवळा, फिकट गुलाबी बरा झाल्यावर मातकट दिसतो. काळा, गडद लाल आणि गडद निळा उठून दिसतात. आपल्या आज्यांची गोंदणं काळीच होती, त्यात सोयीपेक्षा शहाणपण जास्त असावं असं वाटतं! जुनी जखम, लस किंवा कान टोचलेली जागा फुगून टणक गाठ झाली असेल, तर छाती आणि खांदा टाळावा. तिथे तशी गाठ होण्याचा धोका सर्वात जास्त. बोटं, तळहात, तळपाय इथली कातडी सतत घासते, तिथला टॅटू विरतो.

नको झाला तर टॅटू लेझरने काढू, या भरवशावर निवड करू नये. १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा, अगदी क्षणभराचा प्रकाशझोत फक्त रंगकणांना फोडतो या कल्पनेवर, ते यंत्र चालतं. काळी शाई बरी निघते, हिरवी-पिवळी चिवट. सावळ्या त्वचेवर १,०६४ नॅनोमीटरचा झोत वापरूनही पांढरट डाग पडू शकतात, आणि बैठकी बऱ्याच लागतात.

जागा ठरवताना नोकरीचा विचार आधी करावा. भारतीय सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवरच कायमचा टॅटू चालतो, परंपरेने गोंदण असणाऱ्या आदिवासी उमेदवारांना सवलत असते. निमलष्करी भरतीत डाव्या हाताची आतली बाजू आणि त्या भागाच्या चौथाईपेक्षा लहान आकार अशी अट येते. रक्तदान टॅटूनंतर १२ महिने करता येत नाही, कारण एकाच सुईने अनेकांना गोंदल्यास कावीळ बी-सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. न्यूयॉर्क शहराने १९६१ मध्ये काविळीचं कारण देऊन टॅटूवर बंदी घातली, ती १९९७ पर्यंत टिकली. सुईचं पाकीट समोर फोडायला सांगावं, शाई बाटलीतून वेगळ्या लहान टोपणात ओतलेली असावी आणि उरलेली परत बाटलीत जाता कामा नये.

निवडलेली नक्षी तीन आकारांत छापून, कापून अंगावर चिकटवावी आणि सहा फुटांवरून फोटो काढावा. त्या अंतरावर जी रेघ दिसत नाही ती काढून टाकावी. स्टेन्सिल, म्हणजे टोचण्याआधी अंगावर उमटवलेला नक्षीचा ठसा, उमटल्यावर खुर्चीतून उठायचं, हात खाली सोडायचा, मग वाकवायचा. झोपून सरळ दिसलेली ओळ उभं राहिल्यावर तिरकी होते. तशी झाली तर स्टेन्सिल स्पिरिटने पुसून पुन्हा लावायला सांगावं, त्यात गोंदणाऱ्याची फक्त दहा मिनिटं जातात.