कासव खात नाहीये? डबा बदलायच्या आधी पाणी मोजा

थंडी सुरू झाली की दुकानात रोज तेच, कासव खात नाहीये, दुसरं फूड द्या. काहीजण तर अर्धा वापरलेला डबाच बदलून मागायला आणतात. म्हणून हे लिहून ठेवतोय, आता प्रत्येक डब्याबरोबर देणार आहे. हे सगळं डोळ्यामागे लाल पट्टा असलेल्या पाण्यातल्या कासवाबद्दल आहे, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, घरोघरी बहुतेक तेच असतं. पाठीवर चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्याचं सामान आम्ही ठेवत नाही, कृपया विचारू नका.

कासवाचं अंग स्वतःहून गरम राहत नाही. पाणी जेवढं गार तेवढं ते गार, आणि गार पडलं की त्याला भूकच लागत नाही. पाणी साधारण 24 ते 28 डिग्री हवं, पिल्लांना त्यातलं वरचं. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 च्या खाली जातो, मग टाकीतलं पाणी सकाळी सहज 20 च्या खाली आलेलं असतं. हात घालून बघितलं, गार नाही वाटलं, असं सांगू नका, हाताला ते कळत नाही, थर्मामीटर लावा.

होतं काय, लोक आधी एक फूड बदलतात, मग दुसरं, मग वाळलेले झिंगे, मग चिकन, न खाल्लेलं सगळं पाण्यात कुजतं, मग वास येतो म्हणून रोज नळाचं गार पाणी भरतात आणि कासव अजूनच गार पडतं. यात पंधरा दिवस जातात आणि मग खरंच आजारी पडलेलं कासव घेऊन येतात. चिमट्याने तोंडात कोंबू तर अजिबात नका, गार अंगात अन्न पचत नाही, पोटातच सडतं. आधी ऊब द्या, एकदम नाही, दिवसभरात हळूहळू वाढवा. खायला त्यानंतर द्या.

हीटर ढोबळमानाने एका लिटरला एक वॅट धरा, 50 लिटरच्या टाकीला 50 वॅट, घर फारच गार असेल तर 75 किंवा 100. जाळीचं कव्हर असलेलाच घ्या कारण कासव धडका देतं आणि काच फुटते. पाणी बदलताना आधी स्विच बंद करून प्लग काढायचा, हीटर निवल्याशिवाय पाण्याबाहेर काढायचा नाही. आणि पाण्याबाहेर चढून बसायला कोरडी जागा हवीच, तिथे बल्बखाली 30 ते 33 डिग्री. खिडकीतलं ऊन काचेतून येतं ना, त्यात यूव्हीबी, म्हणजे कासवाच्या हाडांना आणि कवचाला लागणारे उन्हातले किरण, जवळजवळ नसतातच, त्यामुळे ते ऊन धरू नका. यूव्हीबी बल्बसुद्धा पेटत असला तरी सहा महिने ते वर्षात त्यातलं काम संपतं, पाकिटावर लिहिलेलं बघून बदला.

अजून एक, खायला पाण्यातच द्यायचं. फरशीवर ठेवलेलं तोंडात घेतलं तरी त्याला गिळता येत नाही. पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड, त्याच्या डोक्याएवढंच. पोळी-भात नको. मोठं झालं की पालेभाजी वाढवा, पालक मात्र रोज नको.

पाणी 26 आहे, ऊब आहे आणि तरी खात नाही, तर विषय आमचा नाही, डॉक्टरचा आहे. डोळे सुजलेत, तिरकं तरंगतंय, नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय, तर त्याच दिवशी कासवं बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. मादी असेल आणि सारखी उकरत असेल तर अंडी असू शकतात, तेही दाखवा. घरातलं कुत्र्याचं औषध देऊ नका, कुत्र्याच्या जंत-गोचिडांच्या काही औषधांत असणारं आयव्हरमेक्टिन कासवाला विष आहे.

हीटर खपवायला हे सांगता, असं कुणी कुणी म्हणतं. आधी थर्मामीटर न्या, दुकानात सगळ्यात स्वस्त तोच आहे, पाणी 25-26 दाखवत असेल तर हीटर घेऊ नका असं आम्हीच सांगू. उघडलेला डबा मात्र परत घेत नाही, एकदा हवा लागलेलं फूड दुसऱ्याच्या कासवाला देणं आम्हाला पटत नाही. फोन करायच्या आधी व्हॉट्सॲपवर सकाळचं आणि रात्रीचं तापमान, टाकी किती लिटरची आणि कासवाच्या तोंडाचा समोरून फोटो पाठवा, म्हणजे उगाच चक्कर पडणार नाही.