डुकरांचे जिवाणुजन्य श्वसनरोग

पाळीव डुकरांच्या नाकापासून फुप्फुसांपर्यंतच्या श्वसनमार्गाला जिवाणूंमुळे होणाऱ्या आजारांचा गट. बंदिस्त शेडमध्ये मोठ्या संख्येने डुकरे वाढवली जातात तिथे हे आजार जवळजवळ कायमचे वस्तीला असतात. काहींमुळे एका रात्रीत डुकरे दगावतात. पण एकूण नुकसान जास्त होते ते न मारता रेंगाळणाऱ्या आजारांनी. डुक्कर खाते, पण अंगी लागत नाही, आणि एकाच वयाच्या पिलांत लहानमोठेपणा दिसू लागतो.

डुकराच्या श्वासनलिकेला आतून पक्ष्माभिकांचे, म्हणजे अतिसूक्ष्म केसांसारख्या तंतूंचे, अस्तर असते. हे तंतू सतत एका दिशेने हलत राहतात. धूळ आणि जंतू चिकट स्रावात अडकतात व घशाकडे लोटले जातात. फुप्फुसांचे आरोग्य मुख्यतः या अस्तरावर टिकून असते.

मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी हा जिवाणू नेमका तिथेच घाव घालतो. पक्ष्माभिकांना चिकटून तो त्या झडवतो, आणि एरवी बाहेर फेकले गेले असते ते पाश्चुरेला मल्टोसिडासारखे जंतू खोल उतरतात. या आजाराला एन्झूटिक न्यूमोनिया म्हणतात. पूर्वी तो विषाणूंमुळे होतो असे समजत. १९६५ मध्ये अमेरिका व ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे खरा जंतू वेगळा करण्यात आला. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते. त्यामुळे पेशीभित्तिकेवरच काम करणारे पेनिसिलिन इथे निरुपयोगी ठरते.

आजाराची मुख्य खूण म्हणजे कोरडा, लांबत जाणारा खोकला. निजलेल्या डुकरांना उठवून मिनिटभर फिरवावे आणि ऐकत थांबावे. एखादे डुक्कर मान खाली घालते, पाठीची कमान करते आणि ठसक्यामागून ठसका काढत राहते. ताप बहुधा नसतो, भूकही फारशी मरत नाही. म्हणूनच या खोकल्याकडे दुर्लक्ष होते. संसर्ग झालेले डुक्कर सुमारे २०० दिवस इतरांना जंतू देऊ शकते. हवेतून हा जंतू सुमारे ९ किलोमीटर अंतरावरही जिवंत सापडला आहे.

ॲक्टिनोबॅसिलस प्लूरोन्यूमोनी या जिवाणूची तऱ्हा अगदी उलटी; त्याच्या आजाराला प्लूरोन्यूमोनिया म्हणतात. ताप चढतो, श्वास पोटाने चालतो, कुशी उडतात, डुक्कर कुत्र्यासारखे पुढच्या पायांवर बसून तोंड उघडे टाकते. कधी सकाळी ते मेलेलेच आढळते आणि नाकाशी रक्ताळलेला फेस असतो. हा जंतू सोडत असलेली एपीएक्स विषे फुप्फुसाच्या पेशींबरोबर बचावाला आलेल्या पांढऱ्या पेशीही फोडतात. वाचलेली डुकरे टॉन्सिलमध्ये जंतू बाळगून राहतात; दिसायला धडधाकट असे डुक्कर विकत आणले की आजार नव्या कळपात शिरतो.

ग्लेसरेला पॅरासुइस या जंतूमुळे होणाऱ्या ग्लासर रोगात छाती, पोट, हृदय व सांध्यांच्या आवरणांवर तंतुमय थर चढतो; दूध तोडलेल्या पिलांत तो अधिक दिसतो. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका व विष निर्माण करणारा पाश्चुरेला मिळून नाकातील गुंडाळीसारखी पातळ हाडे झिजवतात आणि नाकाड वाकडे होते. स्ट्रेप्टोकॉकस सुइस माणसालाही बाधतो, त्यामुळे हाताला जखम असताना शवविच्छेदन करू नये.

प्रत्यक्षात एकटा जंतू क्वचितच सापडतो. डुकरांच्या प्रजननाचा व श्वसनाचा आजार घडवणारा पीआरआरएस विषाणू फुप्फुसाच्या वायुकोशांतील जंतू गिळणाऱ्या पेशींचाच नाश करतो, इन्फ्लुएंझा अस्तर सोलतो, आणि त्यांच्या पाठोपाठ जिवाणू शिरतात. या मिश्र आजाराच्या मुळाशी शेडची हवाही असते. अमोनिया, धूळ, दाटी आणि रात्रीचा थंड झोत यांनी अस्तर आधीच दुबळे झालेले असते. उभ्या माणसाला हवा ठीक वाटते. डुकराच्या नाकाच्या उंचीवर उकिडवे बसून चार श्वास घेतले की डोळे चुरचुरतात. शेडची पाहणी या उंचीवरून झाली नसेल तर ती अपुरीच म्हणावी लागेल.

निदानाचा मोठा आधार कत्तलखान्यातील फुप्फुसे. निरोगी फुप्फुस फिकट गुलाबी व स्पंजासारखे हलके असते. एन्झूटिक न्यूमोनियात पुढचे, खालच्या बाजूचे खंड जांभळट-करडे आणि मांसासारखे घट्ट होतात. त्यांचा तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. प्लूरोन्यूमोनियाचे घाव बहुधा मागच्या, वरच्या भागात असतात आणि फुप्फुस बरगड्यांना चिकटलेले निघते. गुणांकनाच्या एका पद्धतीत सात खंडांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात, म्हणजे जास्तीत जास्त २८. मात्र लहानपणीचे मायकोप्लाझ्माचे घाव सुमारे तीन महिन्यांत भरून बारीक व्रण तेवढे उरतात. त्यामुळे स्वच्छ फुप्फुस दिसले म्हणजे आजार झालाच नव्हता, असे म्हणता येत नाही.

उपचारात टियाम्युलिन, डॉक्सिसायक्लिन, टुलाथ्रोमायसिन, फ्लोरफेनिकॉल अशी औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरतात. तीव्र आजारात डुक्कर खाणेपिणे सोडते, म्हणून खाद्यातून औषध देऊन भागत नाही, टोचावेच लागते. मायकोप्लाझ्माच्या लशीने घाव व खोकला कमी होतो, संसर्ग मात्र पूर्ण थांबत नाही. एका वयाची तुकडी एकदम भरणे, एकदम काढणे आणि मधल्या काळात जागा धुऊन वाळवणे हा उपाय लशीइतकाच मोलाचा आहे. नव्या माद्यांना लहान वयातच संसर्गाची ओळख होऊ देतात, म्हणजे पहिल्या वेतापर्यंत त्यांच्याकडून जंतू बाहेर पडणे थांबते आणि पिलांना आईकडून लागण होत नाही.

स्वित्झर्लंडने देशभर मोहीम राबवून २००४ पर्यंत बहुतेक कळप एन्झूटिक न्यूमोनियापासून मुक्त केले. प्रजननाच्या कळपातून दहा महिन्यांखालील सर्व डुकरे काढून किमान दोन आठवडे फक्त मोठी जनावरे ठेवायची, त्या काळात त्यांना औषध द्यायचे, अशी ती पद्धत होती. त्यानंतरही तिथे अधूनमधून एखाद्या कळपात हा आजार पुन्हा आढळतो.